डीईएपीवर ९४ टक्के, नव्या व्यक्तीवर ५१: ईईजीवरून भावना ओळखणारं मॉडेल नेमकं काय शिकतंय?

लहरीमन (प्रश्न)

ईईजीवरून (टाळूवरच्या इलेक्ट्रोडनी नोंदलेला मेंदूचा विद्युत संकेत) भावना ओळखणारं मॉडेल बनवतोय. डेटा डीईएपीचा (व्हिडिओ पाहताना नोंदलेल्या ईईजीचा संशोधनासाठीचा संच), पायथनसाठी दिलेल्या प्रीप्रोसेस्ड (आधीच फिल्टर करून तयार केलेल्या) फायली: ३२ व्यक्ती, प्रत्येकी ४० व्हिडिओ, दर व्यक्तीमागे ४० × ४० × ८०६४ चा ॲरे. पहिले ३२ चॅनेल ठेवले, सुरुवातीची ३ सेकंदांची बेसलाइन (३८४ सॅम्पल) काढली आणि उरलेल्या ६० सेकंदांचे एकेक सेकंदाचे तुकडे केले. व्हॅलेन्स (भावना किती सुखद, १ ते ९) ५ च्या वर असेल तर १, नाहीतर ०. मॉडेल म्हणजे दोन कन्व्होल्यूशन थर आणि त्यावर एलएसटीएम (क्रमाने येणारा डेटा लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क). सगळ्या व्यक्तींचे मिळून ७६,८०० तुकडे होतात. ते ढवळून ८०-२० विभागले.

टेस्टवर अचूकता ९४ टक्के येते. पण एक व्यक्ती पूर्णपणे बाजूला ठेवून तिच्यावर तपासलं की ५१. ड्रॉपआउट वाढवला, एल-२ लावलं (दोन्ही पाठांतर रोखायचे उपाय), मॉडेल लहान केलं, फरक नाही.

तीन प्रश्न आहेत. हे साधं ओव्हरफिटिंग (ट्रेनिंगचा डेटा पाठ करणं) आहे की दुसरं काही? बँडनिहाय (वारंवारतेच्या पट्ट्यांनुसार) फीचर काढून पाहिले तेव्हा सगळ्यात जास्त वजन टी-७ आणि टी-८ या इलेक्ट्रोडांच्या गॅमाला (३० हर्ट्झच्या वरचा पट्टा) मिळालं. ते बरोबर दिशेने आहे का? आणि हेच मॉडेल १४ चॅनेलच्या वायरलेस हेडसेटवर थेट चालवलं तर ते सतत एकच वर्ग सांगतं, तो काय प्रकार असावा?

गटवारी

मॉडेलला हात लावू नका, आधी विभागणी बदला. त्या ९४ टक्क्यांत भावना बहुधा नावालाच आहे.

एका ट्रायलचे (एका व्यक्तीने पाहिलेल्या एका व्हिडिओच्या नोंदीचे) ६० तुकडे होतात आणि साठही तुकड्यांना एकच लेबल असतं. तुकडे ढवळून ८०-२० केलं की त्यातले सरासरी ४८ ट्रेनमध्ये जातात आणि १२ टेस्टमध्ये. म्हणजे टेस्टमधल्या जवळपास प्रत्येक तुकड्याच्या एक-दोन सेकंद आधीचा किंवा नंतरचा तुकडा मॉडेलने लेबलासकट पाहिलेला असतो. ईईजीत प्रत्येक ट्रायलचा स्वतःचा ठसा असतोच: इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (संपर्काचा विद्युत विरोध) सरकतो, जेल वाळत जातं, मान जराशी वळलेली असते, जबडा आवळलेला असतो, पेंग आल्याने अल्फा (८ ते १३ हर्ट्झचा पट्टा) वाढलेला असतो. मॉडेलला एवढंच करायचं असतं की हा तुकडा कोणत्या व्यक्तीच्या कितव्या ट्रायलमधला आहे ते ओळखायचं आणि त्या ट्रायलचं पाठ असलेलं लेबल सांगायचं. ३२ × ४० = १,२८० ट्रायल पाठ करणं तुमच्या एलएसटीएमला जड नाही.

शंका असेल तर ही चाचणी करा. प्रत्येक ट्रायलसाठी नाणं उडवून खोटं लेबल ठरवा आणि तेच त्या ट्रायलच्या साठही तुकड्यांना द्या. मग जुन्याच ढवळलेल्या विभागणीने ट्रेन करा. अचूकता ५० च्या आसपास आली तर मी चूक. ती नव्वदीतच राहिली तर मॉडेल काय वाचतंय ते वेगळं सांगायला नको, कारण त्या लेबलांत भावना मुळात नाहीच.

इथे एक खाच आहे. बरेच जण लेबलं *तुकड्यांच्या* पातळीवर पिसतात, अचूकता ५० वर येते आणि ‘आमची पद्धत निर्दोष’ असं लिहून मोकळे होतात. तसं केल्याने ट्रायल आणि लेबल यांचा दुवाच तुटतो, त्यामुळे गळती (टेस्टमधली माहिती ट्रेनमध्ये झिरपणं) असली तरी दिसत नाही. पिसायचं ते ट्रायलच्या पातळीवरच.

आता विभागणी कशी करायची ते. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग लायब्ररीमध्ये ग्रुप-के-फोल्ड (एकाच ग्रुपचे तुकडे ट्रेन आणि टेस्ट दोन्हींत जाऊ न देणारी विभागणी) आहे आणि वर्गांचं प्रमाण राखायचं असेल तर स्ट्रॅटिफाइड-ग्रुप-के-फोल्ड. ग्रुप म्हणून काय द्यायचं हे तुमचा दावा काय आहे त्यावर ठरतं.

एकाच व्यक्तीचं मॉडेल असेल तर ग्रुप = ट्रायल. नव्या व्यक्तीवर चालेल असा दावा असेल तर ग्रुप = व्यक्ती. पण डीईएपीत तेवढ्यानेही भागत नाही, कारण सगळ्यांनी तेच ४० व्हिडिओ पाहिलेत. बाजूला ठेवलेल्या व्यक्तीने पाहिलेला व्हिडिओ उरलेल्या ३१ जणांच्या रूपाने ट्रेनमध्ये असतोच. मग मॉडेल त्या व्हिडिओचा उजेड, कट्सची गती किंवा संगीताचा ठेका मेंदूत जसा उमटतो तो ओळखून त्या व्हिडिओचं सर्वसाधारण रेटिंग सांगू शकतं. म्हणून दोन्ही बाजूंनी कापा: ४० व्हिडिओंचे आठ-आठचे पाच गट पाडा, टेस्टला एक व्यक्ती आणि तिचे एका गटातले ८ व्हिडिओ, ट्रेनला उरलेल्या ३१ व्यक्ती आणि उरलेले ३२ व्हिडिओ. म्हणजे ट्रेनमध्ये ९९२ ट्रायल, टेस्टमध्ये ८. एकूण १६० वेळा ट्रेन करावं लागेल. एसव्हीएमला (साधा, वेगवान वर्गीकारक) ते सहज जमतं. एलएसटीएमला जड जात असेल तर तो एलएसटीएमचा प्रश्न.

गळतीच्या आणखी तीन जागा, थोडक्यात. स्केलर (फीचर एका मापात आणणारा) आणि फीचर निवड फोल्डच्या (विभागणीच्या एकेका फेरीच्या) आत, पाइपलाइनमध्येच असायला हवी. सगळ्या डेटावर आधी फीचर निवडून मग फोल्ड पाडले तर निव्वळ गोंगाटातूनही चांगले आकडे निघतात. अर्ली स्टॉपिंगसाठी (ट्रेनिंग कधी थांबवायचं ते ठरवायला) टेस्ट फोल्ड वापरू नका; व्हॅलिडेशनचा गट वेगळा काढा आणि तोही ग्रुपनुसार. आणि तुकडे एकमेकांवर चढवत असाल किंवा फीचर कालानुसार गुळगुळीत करत असाल, तर ते ट्रायलची हद्द ओलांडून होता कामा नये.

स्नायूशंका

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. टी-७ आणि टी-८ कुठे बसतात ते बघा: कानांच्या वर, थेट टेम्पोरॅलिस स्नायूवर. दात जरासे आवळले तरी तिथे २० हर्ट्झच्या वर सगळीकडे ऊर्जा वाढते. हसताना गालाचा झायगोमॅटिकस आणि कपाळाला आठ्या पडताना कॉरुगेटर काम करतो, त्यांचं विद्युत क्षेत्र पुढच्या भागातल्या एफ-७, एफ-८, एएफ-३, एएफ-४ पर्यंत पोचतं. म्हणजे आनंदाचा व्हिडिओ पाहून माणूस हसला की ‘आनंदाचा गॅमा’ तयार. २००७ साली व्हिटहॅम आणि सहकाऱ्यांनी औषधाने स्नायू पूर्ण शिथिल केलेल्या व्यक्तींचं ईईजी आधीच्या नोंदीशी ताडून पाहिलं होतं. २० हर्ट्झच्या वर जे टाळूवर मोजलं जातं त्यात स्नायूंचा वाटा फार मोठा असल्याचं त्यातून दिसलं.

ओळखायच्या खुणा दोन. एक, पॉवर स्पेक्ट्रमचा उतार: मेंदूचा संकेत वारंवारता वाढेल तसा घसरत जातो, २० ते ४५ हर्ट्झमध्ये रेघ आडवी झाली किंवा वर चढू लागली तर तो स्नायू. दोन, जागा: कडेच्या इलेक्ट्रोडवर भरपूर आणि डोक्याच्या मध्यावरच्या सीझेडवर जवळपास काहीच नाही, असं असेल तर तोही स्नायूच.

माझं मत: ३० हर्ट्झच्या वरचं कापून टाका. थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३, बीटा १३ ते ३०, बस्स. बीटाही स्वच्छ नसतोच, पण निदान वाद घालता येतो.

खालच्या टोकाचंही लक्षात ठेवा. या प्रीप्रोसेस्ड फायली ४ ते ४५ हर्ट्झ फिल्टर केलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून डेल्टाचे (४ हर्ट्झच्या खालचे) फीचर काढून तक्ता भरण्यात अर्थ नाही. तिथे उरतो तो फिल्टरच्या उताराचा अवशेष.

मध्यरेषा

सरसकट कापण्याशी सहमत नाही. एसईईडी या भावनांच्या दुसऱ्या ईईजी डेटासेटवर झेंग आणि लू यांनी २०१५ मध्ये जे मांडलं त्यात बीटा-गॅमा आणि कडेचा टेम्पोरल भाग हेच महत्त्वाचे निघाले होते. त्यात स्नायू किती आणि मेंदू किती हा वाद रास्त आहे, पण तो मोजून सोडवता येतो, कापून नाही. डीईएपीत त्यासाठीचं साहित्य आयतं आहे: ३३ व ३४ वा चॅनेल डोळ्यांचा, ३५ वा झायगोमॅटिकसचा ईएमजी (स्नायूंचा विद्युत संकेत), ३६ वा मानेजवळच्या ट्रॅपेझियसचा. (पायथनमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणजे ३२ ते ३५.)

तीन मॉडेल बनवा, तिन्हींची विभागणी हुबेहूब एकच: फक्त ईईजी, फक्त ३३ ते ३६, आणि दोन्ही मिळून. दुसरं मॉडेल पहिल्याइतकंच चांगलं निघालं आणि तिसऱ्याने त्यात काही भर घातली नाही, तर तुमचं ईईजी मॉडेल चेहरा वाचतंय. उत्पादन म्हणून ते चालेलही, चेहऱ्यावरून भावना ओळखणं काही गुन्हा नाही. पण मग त्याला मेंदूवरून ओळखणं म्हणू नये, आणि त्यासाठी डोक्यावर ३२ इलेक्ट्रोडही लागत नाहीत.

एक मर्यादा: सगळं १२८ हर्ट्झवर आणलेलं असल्याने ईएमजीचा ६४ हर्ट्झच्या वरचा भाग गेलेला आहे, आणि स्नायूंचा बराच संकेत तिथेच असतो. ही तुलना नीट करायची तर मूळ ५१२ हर्ट्झच्या बीडीएफ फायली घ्या. आयसीए (मिसळलेले संकेत घटकांत वेगळे करणं) करायचं असलं तरी त्याच घ्या. एमएनई या पायथनच्या ईईजी लायब्ररीमधलं आयसी-लेबल (आयसीएचे घटक ओळखणारं साधन) १ ते १०० हर्ट्झ फिल्टर, सरासरी रेफरन्स (प्रत्येक चॅनेलमधून सगळ्या चॅनेलची सरासरी वजा करणं) आणि एक्स्टेंडेड इन्फोमॅक्स (आयसीएची एक पद्धत) धरून शिकवलेलं आहे; ४ ते ४५ च्या डेटावर ते ‘स्नायू’ आणि ‘मेंदू’ यांत गोंधळ घालतं, कारण स्नायू ओळखायला लागणारा वरचा पट्टाच त्याला दिसत नाही. आणि मूळ फायली उघडल्यात तर चॅनेलचा क्रम तपासा. पहिल्या २२ व्यक्तींची नोंद एका प्रयोगशाळेत झाली, उरलेल्या १० ची दुसऱ्या, आणि दोन्हींकडचा क्रम वेगळा आहे. प्रीप्रोसेस्ड फायलींत तो एकसारखा करून दिलाय, मूळ फायलींत नाही. नावाने निवडा, क्रमांकाने नको.

लहरीमन

खोट्या लेबलांची चाचणी केली. ट्रायलनिहाय नाणं उडवूनही अचूकता नव्वदीच्या वरच राहते, म्हणजे गटवारी म्हणतात तेच खरं. ग्रुप = ट्रायल केल्यावर एकेका व्यक्तीचं मॉडेल पन्नाशीच्या आत-बाहेर येतं, काही व्यक्तींत तर ५० च्याही बरंच खाली. हे खाली जाणं कसं? आणि पी-मूल्य (असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) काढायला सायकिट-लर्नचं परम्युटेशन टेस्ट स्कोअर वापरलं, ग्रुपही दिले, तर पी सतत १ येतंय.

गटवारी

पी = १ चं कारण त्या फंक्शनमध्येच आहे. तिथे ग्रुप दिले की ते लेबलं *ग्रुपच्या आतल्या आत* पिसतं. तुमच्या ग्रुपमधले साठही तुकडे एकाच लेबलाचे, त्यामुळे पिसूनही काही बदलत नाही. प्रत्येक ‘परम्युटेशन’चा स्कोअर मूळ स्कोअरच असतो. ग्रुप न देता चालवलं तर लेबलं तुकड्यांच्या पातळीवर पिसली जातील आणि पी खोटं छोटं येईल. दोन्ही निरुपयोगी. स्वतःचा लूप लिहा: ४० ट्रायलची ४० लेबलं पिसा, ती तुकड्यांवर पसरा, पूर्ण क्रॉस-व्हॅलिडेशन (ट्रेन-टेस्टच्या सगळ्या फेऱ्या) चालवा, १,००० वेळा. पी म्हणजे (मूळ स्कोअरइतके किंवा त्याहून जास्त आलेले + १) भागिले १,००१.

५० च्या खाली जाण्यात जादू नाही. समजा ५ च्या वरची २० आणि खालची २० अशी ४० ट्रायल आहेत. लीव्ह-वन-आउटमध्ये (दर वेळी एकच ट्रायल टेस्टला) वरचं एक ट्रायल बाजूला काढलं की ट्रेनमध्ये १९ विरुद्ध २० राहतात. संकेतात दम नसेल तर मॉडेल बहुसंख्येकडे झुकतं आणि बहुसंख्य नेमका विरुद्ध वर्ग असतो. दर वेळी हेच घडतं, म्हणून ४०-४५ टक्के दिसतात. प्रत्येक फोल्डमध्ये दोन्ही वर्ग त्याच प्रमाणात राहतील असे पाच किंवा दहा फोल्ड केले की हे बहुतांशी जातं.

आणि ४० ट्रायलवर आकडे फार हलतात. निव्वळ नाणेफेकीतसुद्धा प्रमाण त्रुटी ७.९ टक्क्यांची आहे. एका व्यक्तीवर ‘योगायोग नाही’ असं म्हणायला ४० पैकी किमान २६ बरोबर यायला हवेत, म्हणजे ६५ टक्के. ५८ आले म्हणून खूश होऊ नका, ४३ आले म्हणून खचू नका. तुकडे २,४०० असोत की २४,०००, स्वतंत्र निरीक्षणं ४० च. त्यामुळे निकालही ट्रायलचा द्या: तुकड्यांच्या संभाव्यतांच्या लॉगची सरासरी काढा, त्यावरून ट्रायलचा एक निर्णय घ्या आणि ते ४० निर्णय मोजा.

मापदंड

सगळे संकेतावर बोलतायत, लेबलाकडे कोणी बघत नाही.

डीईएपीतलं व्हॅलेन्स म्हणजे व्हिडिओ संपल्यावर त्या व्यक्तीने सॅम चित्रांखालच्या (भावना दाखवणाऱ्या आकृत्या) १ ते ९ च्या पट्टीवर केलेली एक खूण. पूर्ण मिनिटाला एकच आकडा. तिसऱ्या सेकंदाच्या तुकड्यालाही तो आणि अठ्ठावन्नाव्यालाही तोच. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत माणूस अजून व्हिडिओ समजून घेत असतो. तिथला डेटा टाकून फक्त शेवटची ३० सेकंदं घेऊन बघा. सुधारणा झालीच तर ती प्रामाणिक सुधारणा असते, कारण टेस्टवरही तोच नियम लागतो.

५ ची रेषाही अडचणीची आहे. ४.९ आणि ५.१ यांत अनुभवाचा फरक काहीच नाही, पण तुमच्या मॉडेलसाठी ते दोन टोकं. शिवाय पट्टी वापरायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी ४ ते ६ मध्येच फिरतो, कोणी थेट १ आणि ९. एका व्यक्तीपुरतं मॉडेल असेल तर त्या व्यक्तीच्या मध्यकावर कापा. मधला पट्टा (४ ते ६) वगळायचा असेल तर तो ट्रेनमधून वगळा. टेस्टमधूनही वगळलात तर तसं स्पष्ट लिहा, कारण वापरताना कोणी ‘माझी भावना मधली आहे, मला वगळा’ असं येऊन सांगत नाही.

वर्गांचं प्रमाणही असमान आहे. एखाद्या व्यक्तीच्या ४० पैकी २८ खुणा ५ च्या वर असतील तर डोळे मिटून ‘वर’ म्हणणाऱ्याला ७० टक्के मिळतात. अचूकतेऐवजी बॅलन्स्ड ॲक्युरसी (दोन्ही वर्गांच्या अचूकतेची सरासरी) किंवा दोन्ही वर्गांचा सरासरी एफ-१ (चुकीचे आणि सुटलेले दोन्ही अंदाज धरणारं माप) द्या, आणि शेजारी बहुसंख्येच्या अंदाजाचा आकडाही.

अपेक्षा कुठे ठेवायची? २०१२ च्या मूळ डीईएपी लेखात एकेका व्यक्तीवर, एक व्हिडिओ बाजूला ठेवून, गाउसियन नाइव्ह बेज या साध्या वर्गीकारकाने ईईजीवरून अराउजलला (भावनेतली उत्तेजना) ६२.० आणि व्हॅलेन्सला ५७.६ टक्के अचूकता दिली आहे. एफ-१ अनुक्रमे ०.५८३ आणि ०.५६३. पद्धती पुढे सुधारल्या आहेत हे मान्य. पण याच डेटावर कोणी ९७ टक्के दाखवले तर आधी विभागणीचा परिच्छेद वाचा. बहुतेकदा त्यात ‘रँडम’ हा शब्द सापडतो.

एसईईडीकडे वळायचा मोह होईल, कारण तिथले आकडे सुखावणारे असतात. १५ व्यक्ती, ६२ चॅनेल, १५ चित्रपट-तुकडे, सुखद-तटस्थ-दुःखद असे तीन वर्ग. पण तिथे लेबल व्यक्तीच्या खुणेवरून नाही, चित्रपटावरून ठरतं. आणि लेबलांचा क्रम सगळ्यांना, तिन्ही सत्रांत, तोच. प्रत्येक वर्गात पाचच चित्रपट असल्याने ‘भावना’ आणि ‘हा विशिष्ट चित्रपट’ यांची फारकत करणं अवघड जातं. निदान पहिले ९ ट्रेनला आणि शेवटचे ६ टेस्टला हा मूळचा नियम पाळा, तुकडे ढवळू नका.

मध्यरेषा

नव्या व्यक्तीसाठी ५१ वरून वर जायचं असेल तर करून पाहण्यासारखं हे.

फिल्टर आधी, तुकडे नंतर. पूर्ण ६३ सेकंदांवर बँडपास (ठरावीक पट्टाच जाऊ देणारा फिल्टर) लावा आणि मग कापा. एकेका सेकंदाच्या तुकड्यावर फिल्टर लावला तर थीटात निम्मा तुकडा कडेच्या विकृतीतच जातो. तुकडा ४ सेकंदांचा घ्या, म्हणजे ४ हर्ट्झचीही सोळा आवर्तनं बसतात. प्रत्येक बँडमधली डिफरन्शियल एन्ट्रॉपी काढा: संकेत गाउसियन धरला तर ती ½ ln(2πeσ²), म्हणजे व्यवहारात व्हेरियन्सचा लॉगच. ३२ चॅनेल × ४ बँड = १२८ फीचर, गॅमा वगळलं तर ९६. त्यावर लिनिअर एसव्हीएम किंवा एलडीए (आणखी एक रेषीय वर्गीकारक), श्रिंकेजसह (कोव्हेरियन्सचा अंदाज आवरता घेऊन). हा तुमचा पाया. यापेक्षा वर न जाणाऱ्या कुठल्याही न्यूरल नेटवर्कला वेळ देऊ नका.

त्यानंतर व्यक्तीनिहाय सामान्यीकरण. प्रत्येक व्यक्तीचे फीचर तिच्याच सरासरीने आणि प्रमाण विचलनाने झी-स्कोअर करा. बहुतेकदा सगळ्यात मोठी उडी इथेच मिळते, कारण कवटीची जाडी, केस आणि इलेक्ट्रोडचा संपर्क यांमुळे व्यक्ती-व्यक्तींतला फरक भावनांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. यात टेस्ट व्यक्तीचा लेबलाविना डेटा वापरला जातो, हे लिहायला विसरू नका.

दुसरा मार्ग युक्लिडियन अलाइनमेंटचा: त्या व्यक्तीच्या सगळ्या ट्रायलच्या कोव्हेरियन्सची (चॅनेल एकमेकांसोबत कसे बदलतात त्याचा तक्ता) सरासरी आर, आणि प्रत्येक ट्रायलला आर च्या वजा अर्ध्या घाताने गुणायचं. सापळा असा की प्रीप्रोसेस्ड डेटा सरासरी रेफरन्सवर आहे, म्हणजे ३२ चॅनेलची बेरीज शून्य, रँक (स्वतंत्र दिशांची संख्या) ३१ किंवा त्याहून कमी. आर चा व्यस्त काढायला गेलात तर शून्याजवळच्या आयगेन-मूल्याने भागलं जातं आणि एक निरर्थक दिशा फुगून सगळ्यांवर स्वार होते. पायरीमान या लायब्ररीतल्या टँजंट स्पेस पद्धतीलाही हेच दुखणं. एक चॅनेल काढून टाका किंवा कोव्हेरियन्सचा अंदाज लेडॉइट-वुल्फ किंवा ओएएस या श्रिंकेजच्या पद्धतींनी घ्या.

नेटवर्कच हवं असेल तर ईईजीनेट-८,२ (ईईजीसाठी बनवलेलं लहान नेटवर्क) पासून सुरू करा. १२८ हर्ट्झला पहिला कर्नल ६४ लांबीचा, नव्या व्यक्तीसाठी ड्रॉपआउट ०.२५, एकाच व्यक्तीत ०.५. पॅरामीटर काही हजारच, त्यामुळे ट्रायल पाठ करायला त्याला जागाही कमी मिळते. कमी म्हटलं, शून्य नाही. विभागणी चुकली तर तेही पाठ करतं.

थेटप्रवाह

तिसरा प्रश्न राहिला. हेडसेटवर सतत एकच वर्ग येतो तेव्हा मॉडेल बहुधा निर्दोष असतं. त्याच्यापर्यंत पोचणारे आकडे वेगळ्या प्रदेशातले असतात. या क्रमाने तपासा.

एकक. डीईएपीच्या प्रीप्रोसेस्ड फायली मायक्रोव्होल्टमध्ये आहेत, एमएनई मात्र सगळं व्होल्टमध्ये धरतं. दहा लाखांचा हा फरक डिफरन्शियल एन्ट्रॉपीत ln(१०⁶) = १३.८ एवढा सरळ सरकाव होऊन येतो, तोही प्रत्येक फीचरमध्ये एकाच दिशेने. लिनिअर मॉडेल मग कायम एकाच बाजूला पडतं. तुमचं लक्षण तंतोतंत असंच आहे, म्हणून हे पहिलं.

डीसी ऑफसेट (संकेताखालची स्थिर पातळी). इपॉकसारख्या १४ चॅनेलच्या वायरलेस हेडसेटचा कच्चा संकेत सुमारे ४,२०० मायक्रोव्होल्टभोवती फिरतो. फिल्टर शून्य अवस्थेतून सुरू केला तर पहिले काही सेकंद नुसता उतरता डोंगर. फिल्टरची सुरुवातीची अवस्था पहिल्या सॅम्पलने गुणून द्या, किंवा आधी सरासरी वजा करा.

चॅनेल आणि रेफरन्स. इपॉकचे १४ चॅनेल (एएफ-३, एफ-७, एफ-३, एफसी-५, टी-७, पी-७, ओ-१ आणि उजवीकडचे त्यांचे जोडीदार) डीईएपीच्या ३२ मध्ये सगळेच्या सगळे आहेत, ही सोय. पण ३२ च्या सरासरीचा रेफरन्स आणि १४ च्या सरासरीचा रेफरन्स एक नाही. डीईएपीतून हे १४ निवडा, *त्यांचीच* सरासरी पुन्हा वजा करा, त्यावर मॉडेल नव्याने शिकवा. हेडसेटवरही नेमकं तेच करा. गाळलेल्या १८ चॅनेलच्या जागी शून्य भरून जुनं मॉडेल चालवत असाल तर ते थांबवा. या हेडसेटला मध्यरेषेवर एकही इलेक्ट्रोड नाही आणि बरेचसे कडेला आहेत, त्यामुळे स्नायूशंका यांचा मुद्दा इथे दुप्पट लागू होतो. लाइव्हसाठी मीही ३० हर्ट्झलाच कापेन.

फिल्टरची दिशा. ऑफलाइनला तुम्ही बहुधा पुढे-मागे दोन्ही दिशांनी फिल्टर केलंय. त्याला भविष्यातली सॅम्पल लागतात. लाइव्हमध्ये एकदिशी फिल्टर वापरा आणि त्याची अवस्था तुकड्या-तुकड्यांत पुढे न्या, दर तुकड्याला नव्याने सुरू करू नका. आणि ट्रेनिंगचा डेटाही त्याच एकदिशी फिल्टरमधून काढा, नाहीतर दोन्हीकडचे बँड जुळत नाहीत.

सामान्यीकरण. मध्यरेषा यांचा झी-स्कोअर ऑफलाइनला पूर्ण सत्रावर काढलेला असतो; लाइव्हला सत्र अजून घडायचंय. सुरुवातीला २-३ मिनिटं कॅलिब्रेशन घ्या, पण नुसतं डोळे मिटून बसवू नका. मिटल्या डोळ्यांनी मागचा अल्फा कितीतरी वाढतो आणि मग उघड्या डोळ्यांचं सगळं ‘सरासरीपेक्षा कमी अल्फा’ म्हणून वाचलं जातं, की पुन्हा एकच वर्ग. उघड्या डोळ्यांनी तटस्थ व्हिडिओ दाखवा.

संपर्क. खारं पाणी लावलेले फेल्ट वाळले की चॅनेल सपाट होतो किंवा मेन्सची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो. तुकड्यात ±१०० मायक्रोव्होल्टच्या वर गेलेला किंवा जवळपास शून्य व्हेरियन्स असलेला चॅनेल दिसला तर त्या तुकड्यावर अंदाजच देऊ नका, ‘संकेत नाही’ दाखवा. वायरलेसमध्ये पॅकेटही गळतात; पॅकेटचा क्रमांक बघून रिकाम्या जागा भरा, नुसती सॅम्पल जोडत गेलात तर सांध्यावर उडी तयार होते आणि तिची ऊर्जा सगळ्या बँडमध्ये पसरते.

हे सगळं एकेक करून शोधण्याआधी एक गोष्ट करा: डीईएपीची एक फाइल लॅब स्ट्रीमिंग लेयरवरून (संकेत थेट पोचवणारी प्रणाली) हेडसेट असल्यासारखी सोडा आणि तुमच्या लाइव्ह कोडला ती खरी वाटू द्या. लाइव्हने काढलेले फीचर आणि ऑफलाइनचे फीचर, त्याच ४ सेकंदांचे, शेजारी-शेजारी छापा. ते जुळत नसतील तर दोष कोडमध्ये आहे आणि कोणत्या फीचरपासून फाटा फुटतो तेही तिथेच दिसेल. जुळत असतील तर दोष हेडसेटच्या बाजूला: एकक, ऑफसेट, रेफरन्स, संपर्क, याच क्रमाने.